चित्रशाळेचे उघडे दार

चवथ जवळ आली की गोव्यात गावोगावच्या चित्रशाळा गजबजू लागतात. एरवी ज्या घरात शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे यांवाचून कोणाचे फारसे जाणे-येणे नसते, त्या घराच्या पडवीत सारा गाव ये-जा करू लागतो. कोणी आपल्या घरचा पाट आणून मूर्तिकाराच्या स्वाधीन करतो आणि त्या पाटावर आपला गणपती कितपत आकारास आला आहे ते पाहण्यास पुन:पुन्हा येऊन जातो. शाळेतून परतणारी मुले दप्तर पाठीवर तसेच ठेवून दाराशी उभी राहतात. आज केवळ बैठक झालेली असते, उद्या सोंड आलेली असते, परवा हात लागलेले असतात. रंग चढतो आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी होते. त्या घटकेस दाराशी उभी असलेली दंगेखोर मुलेदेखील आपण होऊन गप्प बसतात.

कलावंताने आपली कर्मशाळा प्रेक्षकांस खुली करावी, ही कल्पना अलीकडे आपल्याकडे नवी म्हणून मांडली जाते. मुंबई-वडोदऱ्यासारख्या शहरांतून, आणि गोव्यातही, चित्रकार-शिल्पकार वर्षातून काही दिवस आपले घर आणि काम लोकांस दाखवितात. त्याची निमंत्रणे निघतात, वृत्तपत्रांतून दोन ओळी येतात. या उपक्रमांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षास हे पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटते. दुसऱ्यास ती कलेच्या लोकशाहीची पहाट वाटते. माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. उघडी कर्मशाळा ही आपल्या समाजाची फार जुनी आणि अंगवळणी पडलेली संस्था आहे. आपण तिला कलेचे नाव दिले नाही, एवढेच. आणि नाव न दिल्यामुळे आपले एक नुकसान झाले: चित्रशाळेच्या दाराशी उभे राहून आपली जी दृष्टी घडते, ती आपण चवथीपुरतीच वापरतो आणि विसर्जनाच्या दिवशी मूर्तीबरोबरच पाण्यात सोडून देतो.

पाश्चात्त्य प्रथेची तुलना येथे थोडी उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये अशी रीत होती की, रॉयल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनास चित्रे धाडण्यापूर्वीच्या रविवारी नामांकित चित्रकारांनी आपले स्टुडिओ खुले ठेवावे आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळींनी गाड्या जोडून एका घरून दुसऱ्या घरी जावे. लॉर्ड लेटन यांचे हॉलंड पार्क भागातील घर तर या कामासाठीच बांधले होते की काय, अशी शंका यावी इतके ते दिमाखदार आहे. 1896 साली त्यांचा मृत्यू झाल्यावर त्याचे संग्रहालय झाले. या प्रथेत चित्र पाहणे होते. पण त्याहून अधिक चित्रकाराचे वैभव पाहणे होते आणि आपण तेथे गेलो होतो हे इतरांनी पाहणे होते. चित्रे बहुधा पूर्ण झालेली असत. काम करणारा हात त्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेला असे.

आपल्या चित्रशाळेची रीत नेमकी याच्या उलट. तेथे स्वागत नाही. मूर्तिकार मान वर न करता 'या, बसा' म्हणतो आणि आपले काम चालू ठेवतो. तेथे जे दिसते ते अपुरे असते, आणि ते अपुरे आहे म्हणूनच पाहण्यासारखे असते. या दोन रीतींत एक मुळातला भेद आहे. एकीत प्रेक्षकास कलावंत दाखविला जातो, दुसरीत काम दिसते. उघड्या कर्मशाळेची कसोटी लावावयाची ती याच भेदावरून लावावी, असे मी सुचवितो. ती लावून पाहण्यास आपल्या प्रांताच्या जवळच एक उत्कृष्ट उदाहरण आहे. ते म्हणजे अलिबागजवळील सासवणे येथील शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर. आज ते करमरकर शिल्पालय या नावाने ओळखले जाते.

करमरकरांचा जन्म 1891 साली याच सासवण्यास झाला. घरी गणपती करण्याची परंपरा होती. ज्या जिल्ह्यातल्या पेणचे गणपती पुढे सर्वदूर प्रसिद्ध झाले, त्याच जिल्ह्यातले हे किनाऱ्यावरचे गाव. म्हणजे या शिल्पकाराची पहिली शाळा ही चित्रशाळाच होती. मातीचा पहिला गोळा त्याच्या हाती आला तो देवाच्या निमित्ताने. दुसरे निमित्तही देवळाचेच घडले. गावातील मंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवछत्रपतींचे चित्र काढले होते. ते जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला. आज कोणी मुलगा देवळाच्या भिंतीवर कोळशाने चित्र काढील तर आपण प्रथम त्याचा कान धरू. सासवण्याच्या गावकऱ्यांनी त्या काळी काय केले ते इतिहासाने नोंदविलेले नाही; पण भिंत पुसून टाकली नाही एवढे तर खरेच, आणि तेवढ्यावर एका माणसाचे आयुष्य फिरले.

शिक्षण संपल्यावर करमरकर सुरेन्द्रनाथ टागोर यांच्या आश्रयाने कलकत्त्यास गेले आणि तेथे त्यांनी काम सुरू केले. 1920 साली ते लंडनला जाऊन रॉयल अकादमीत शिकले. परत आल्यावर त्यांच्या हातून जे काम झाले, त्याने त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले: पुणे येथील श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने या स्मारकाची पायाभरणी 1921 साली झाली आणि 1928 साली, राजाराम छत्रपतींच्या कारकीर्दीत, पुतळ्याचे अनावरण झाले. एवढी मोठी आकृती एकसंध ओतण्याचे धाडस त्या काळी आपल्या देशात नवे होते. 1967 साली करमरकरांचा मृत्यू झाला. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी त्यांची शिल्पे घरातच जपली आणि घराचे दार लोकांस उघडे ठेवले. सुमारे दीडशे शिल्पे तेथे आहेत.

आता मुख्य प्रश्न. पुण्याचा पुतळा ज्याने पाहिला आहे, त्याने सासवण्यास कशासाठी जावे? कलावंताची श्रेष्ठ कृती चौथऱ्यावर उभी असताना त्याच्या घरी जाऊन उरलेसुरले पाहण्यात काय हशील?

माझे उत्तर असे की, करमरकरांचे अर्धेच काम चौथऱ्यावर आहे. उरलेले अर्धे पाहावयाचे तर घरीच गेले पाहिजे. आणि हे दुसरे अर्धे पाहिल्यावाचून पहिल्या अर्ध्याचे मोलही पुरते कळत नाही.

अश्वारूढ पुतळा ही शिल्पातील एक कठोर परीक्षा आहे. घोड्याचे आणि स्वाराचे सारे वजन घोड्याच्या बारीक पायांवर तोलावयाचे असते; वजन पेलले तरी ते पेलल्याचे कष्ट दिसता कामा नयेत. शिवाय पाहणारा खाली उभा असतो. त्यास घोड्याचे पोट आणि स्वाराची हनुवटीच अधिक दिसण्याचा धोका असतो, म्हणून शिल्पकारास प्रमाणे खालून पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी योजावी लागतात. या परीक्षेत करमरकर उतरले, याविषयी दुमत नाही. परंतु स्मारकाचा आणखी एक नियम असतो. त्यात शिल्पकारास स्वत:स काय वाटते ते सांगण्यास फारशी जागा नसते. महाराजांची प्रतिमा लोकांच्या मनात आधीच ठरलेली असते. शिल्पकाराने तिला केवळ देह द्यावयाचा. या दृष्टीने स्मारकाचा शिल्पकार देवाची मूर्ती घडविणाऱ्याच्या फार जवळ येतो. त्याचे यश कशात, तर लोकांनी 'हेच ते' म्हणावे यात.

सासवण्याच्या घरात याच्या अगदी निराळे काम दिसते. तेथील 'मत्स्यगंधा' ही महाभारतातील नावाने वावरत असली, तरी ती किनाऱ्यावरची कोळ्याची पोर आहे. तेथे म्हैस आहे. साधी, गावातील, पाण्यात डुंबून बाहेर आलेल्या कोणत्याही म्हशीसारखी म्हैस. गावात रोज दिसणारी माणसे आहेत. या कामासाठी वर्गणी जमली नव्हती, समिती नेमली नव्हती, अनावरणाची तारीख ठरली नव्हती. कोळ्याच्या पोरीचा चेहरा कसा असावा याविषयी लोकांच्या मनात कोणतीही प्रतिमा ठरलेली नव्हती. येथे शिल्पकारास प्रथमच स्वत:च्या डोळ्यांवर विसंबून राहावे लागले, आणि ते डोळे किती खरे होते ते येथे कळते.

म्हशीचेच उदाहरण घ्या. घोडा हा राजाचे वाहन असल्यामुळे शिल्पकलेत त्यास जन्मत:च मान आहे. म्हशीस तो नाही. आपल्या मूर्तिपरंपरेत ती आली तर महिषासुराच्या रूपाने देवीच्या पायाखाली येते, किंवा यमाचे वाहन म्हणून. गोठ्यातील दुभती म्हैस म्हणून तिच्याकडे कोणी मूर्तिकाराने क्वचितच पाहिले असेल. करमरकरांनी पाहिले. त्यांनी तिला सुंदर केले नाही, विनोदीही केले नाही. पोटाचा तो घडीव नसलेला भार, जमिनीशी असलेले सख्य, हे सारे लंडनमध्ये शिकलेल्या शरीरशास्त्राच्या आधारे पण सासवण्यात पाहिलेल्या जनावरावरून आले आहे. ही म्हैस पाहिल्यावर पुण्याच्या घोड्याकडे पुन्हा पाहावे. तो घोडा खरा का वाटतो, याचे कारण मग ध्यानी येते. ज्याने म्हैस इतक्या निष्ठेने पाहिली, त्याचा घोडा केवळ डौलाचा राहणे शक्य नव्हते.

स्तुतीबरोबर दोषही सांगितला पाहिजे. त्या पिढीच्या साऱ्याच शिल्पकारांवर व्यक्तिशिल्पांचा भार होता. संस्थानिक, शेठ, पुढारी, अधिकारी यांचे अर्धपुतळे हे त्यांच्या चरितार्थाचे साधन होते, आणि करमरकर त्यास अपवाद नव्हते. अशा व्यक्तिशिल्पांत साम्य उत्तम असते, कारागिरी निर्दोष असते. पण ज्यांचे साम्य साधले ते गृहस्थ कोण हे सांगणारी पिढी संपल्यावर कित्येक अर्धपुतळे मुके होतात. कोळ्याच्या पोरीचे नाव आपणांस ठाऊक नसून ती बोलते, आणि ज्यांची नावे पाटीवर कोरलेली आहेत त्यांतील काही बोलत नाहीत, हा अनुभव विचार करावयास लावणारा आहे. यथार्थदर्शी शैलीची मर्यादाही येथेच दिसते. साम्य हे साध्य झाले की शैली थांबते. साम्य हे साधन राहिले तरच ती पुढे जाते. संग्रहालयवाला अशी शिल्पे निवडून वेगळी करतो. घरात निवड नसते, सबळ-दुर्बळ शेजारी शेजारी बसतात, आणि म्हणून कलावंताचे खरे माप तेथे मिळते. कोणत्याही कलावंताचे उघडे घर हे त्याच्यासाठी थोडे धोक्याचेच असते. ज्यांस केवळ आपले यश दाखवावयाचे आहे, त्यांनी ते उघडू नये हे बरे.

कर्मशाळेत आणखी एक गोष्ट कळते, जी चौकात किंवा संग्रहालयात कळत नाही. ती म्हणजे शिल्प कशातून येते ही. ब्राँझचा पुतळा पाहणाऱ्यास वाटते की शिल्पकाराने ब्राँझवर काम केले. वस्तुत: त्याने काम केले ते मातीवर. लोखंडी-लाकडी सांगाड्यावर माती चढवून, ती वाळू नये म्हणून ओली फडकी गुंडाळून, आठवडेच्या आठवडे आकृती घडविली जाते. मग तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतला जातो. साचा काढताना आतील माती खरवडून बाहेर येते आणि मूळ आकृती नष्ट होते. साच्यातून प्लास्टरची प्रत निघते, आणि तिच्यावरून पुढे धातूचे ओतकाम. म्हणजे शिल्पकाराच्या बोटांचा प्रत्यक्ष स्पर्श झालेली वस्तू जगात उरतच नाही. तिच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे ते पांढरे, ठिसूळ, बिनमोलाचे समजले जाणारे प्लास्टर, आणि ते बहुधा कर्मशाळेतच पडून असते.

आपल्या समाजास हे तत्त्व नवे वाटू नये. चवथीचा गणपतीही मातीचाच, आणि तोही उरत नाही. दीड दिवसांनी, पाच दिवसांनी, किंवा ज्या घरची जी वहिवाट असेल त्याप्रमाणे, तो पाण्यात जातो. फरक एवढाच की मूर्तिकाराची माती विसर्जनाने जाते आणि शिल्पकाराची साच्याने. सासवण्याच्या घरी जन्मास आलेल्या माणसास मातीचे हे नश्वरपण लंडनला जाऊन शिकावे लागले नसेल. गणपती करणाऱ्या घरातील मुलास एक गोष्ट लहानपणीच कळते की, आपण जे जीव तोडून करतो ते राहण्यासाठी नाही, आणि म्हणून ते हयगयीने करावयाचे असेही नाही.

येथे कोणी धर्मनिष्ठ वाचक असा आक्षेप घेईल की, मूर्ती आणि पुतळा यांची ही सांगड योग्य नव्हे. मूर्ती ही पूजेसाठी, पुतळा हा पाहण्यासाठी. मूर्तीपुढे आपण दर्शनास जातो, प्रेक्षक म्हणून जात नाही. आक्षेप विचारार्ह आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या शास्त्रातच आहे. शिल्पशास्त्राने मूर्तीच्या जीवनात एक स्पष्ट रेषा आखून ठेवली आहे. नेत्रोन्मीलन आणि प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती शिल्पकाराच्या हातची वस्तू असते. त्या विधीनंतर ती देवता होते, आणि ज्याने तिचे डोळे उघडले तो शिल्पकारही मग इतर भक्तांबरोबर उंबऱ्याबाहेर उभा राहतो. या रेषेच्या पलीकडे दर्शन आहे, अलीकडे पाहणे आहे. पूर्वजांनी दोहोंत गल्लत केली नाही, पण म्हणून पाहणे हीन मानले असेही नाही. उलट अलीकडचे काम नीट झाले नाही तर पलीकडचा विधी करू नये, इतके त्यांनी त्या कामास महत्त्व दिले. प्रमाणहीन मूर्ती पूजेस वर्ज्य सांगितली, ती याच कारणाने. चित्रशाळा या रेषेच्या अलीकडे उभी आहे. तेथे मूर्तीस हात लावता येतो, मान थोडी डावीकडे हवी होती असे बोलता येते. भक्तास जो अधिकार देवापुढे नाही, तो तेथे गावकऱ्यास आहे, आणि तो अधिकार बजावण्यातून समाजाची अभिरुची घडते.

ही अभिरुची आज कोठे आहे, असा प्रश्न मात्र आपण स्वत:स विचारावा. गोव्यातील आणि कोंकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे असत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यावयाचा आणि तो नेमका खरवडून खालच्या पांढऱ्यातून वेली, हत्ती, दशावतार बाहेर काढावयाचे, अशी ती कला. जीर्णोद्धाराच्या नावाखाली यांतील पुष्कळ भिंती पाडल्या गेल्या, पुष्कळांवर तैलरंग आला किंवा फरशा बसल्या. हे कोणा परकीयाने केले नाही. देवस्थानावर मनापासून भक्ती असणाऱ्या आपल्याच समित्यांनी, आपल्याच वर्गण्यांतून केले. देवावरील श्रद्धा कमी झाली म्हणून हे घडले नाही. ज्या हातांनी ती भिंत घडविली ते हात आपण कधी पाहिलेच नव्हते म्हणून घडले. कावी काढणारांची नावे आपण नोंदविली नाहीत, त्यांच्या घरी गेलो नाही, त्यांच्या मुलांस विचारले नाही. ज्याचे काम होताना कोणी पाहिलेले नाही, ते काम पुसताना कोणाचाही हात अडखळत नाही.

अनामिकता हीच आपल्या कलेची थोरवी, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. कारागिराने आपले नाव देवाच्या चरणी विलीन केले, म्हणून ते लिहिले नाही, असे सांगितले जाते. काही अंशी ते खरे असेल. परंतु देणगी देणाराचे नाव मात्र त्याच देवळात संगमरवरी पाटीवर असते, हे पाहिले की या विनयाचे ओझे एकट्या कारागिराच्याच माथी का, असे विचारावेसे वाटते. कर्मशाळेचे दार उघडते तेव्हा हातास चेहरा मिळतो. त्यात अहंकाराचा धोका आहे, हे मान्य. पण विस्मरणाचा धोका आपल्या समाजात त्याहून पुष्कळ मोठा ठरला आहे.

या संदर्भात गणपतराव म्हात्रे यांच्या 'मंदिरपथगामिनी' या 1896 सालच्या शिल्पाची आठवण होते. देवळास निघालेल्या त्या तरुणीचा हा प्लास्टरचा पुतळा म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेत केला आणि त्याने त्यांचे नाव देशभर झाले. नाव मंदिराच्या वाटेचे. स्वत: शिल्प मात्र मंदिरात गेले नाही, कलाशाळेत राहिले. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीही 1940 साली आपल्या कलाशाळेतील आठवणी लिहिल्या तेव्हा पुस्तकास 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हेच नाव दिले. त्या पिढीच्या मनात मंदिर आणि कर्मशाळा हे शब्द असे सहज एकमेकांत मिसळत होते. मंदिराकडून कलेकडे जाणारी वाट त्यांनी मळविली. उलट दिशेने जाणे, म्हणजे मंदिराच्या समाजाने कलावंताच्या दारी जाणे, ते आपल्याकडून व्हावयाचे राहून गेले.

आता उघड्या घराचा जो खरा दोष, त्याकडे वळू. कलावंत हयात असतो तोवर त्याचे घर ही कर्मशाळा असते. तो गेल्यावर ते स्मारक होऊ लागते. मग पाहणारांचे डोळे शिल्पांवरून चष्म्याकडे, काठीकडे, आरामखुर्चीकडे वळतात. भक्तिप्रधान समाजात हे फार लवकर घडते. आपल्यास पादुकांची सवय आहे. परंतु शिल्पकाराच्या पादुका त्याच्या शिल्पांत असतात, इतरत्र नव्हेत. सासवण्याचे घर या दोषापासून बचावले आहे, ते तेथील शिल्पांच्या संख्येमुळे आणि जोमामुळे. तेथे करमरकरांविषयी भाविक होण्यास सवडच मिळत नाही. पण काम करणारा हात तेथे आता नाही, ही उणीव राहतेच. ओली माती, गुंडाळलेली फडकी, अर्धवट टाकलेला सांगाडा, यांवाचून कर्मशाळेचे चित्र अपुरे राहते. अशा घरांतून वर्षातून काही दिवस तरी एखाद्या तरुण शिल्पकाराने येऊन सर्वांच्या देखत काम करावे, ही सूचना मला अव्यवहार्य वाटत नाही.

घर जपले गेले नाही तर काय होते, याचेही उदाहरण करमरकरांच्याच चरित्राच्या वाटेवर आहे. ज्या टागोर कुटुंबाच्या आश्रयाने ते कलकत्त्यास गेले, त्यांच्या जोडासांको येथील एका वाड्याच्या दक्षिणेकडील ओसरीत गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे भाऊ वर्षानुवर्षे बसत. तेथे चित्रे काढली जात, शिष्य शिकत, पाहुणे येऊन बसत. जपानी चित्रकारदेखील त्या घरी येऊन काम करून गेले. बंगालच्या नव्या चित्रकलेचा तो एका अर्थी सभामंडपच होता. पुढे तो वाडा विकला गेला आणि ती ओसरी पाडली गेली. चित्रे संग्रहालयांत उरली. परंतु ती ज्या बोलण्याबसण्यातून निर्माण झाली ती जागा आज कोणास दाखविता येत नाही. कलकत्त्यासारख्या कलाप्रेमी शहरात हे होऊ शकते, तर आपल्या लहान गावांतून काय होत असेल याची कल्पना करावी.

म्हणून सासवण्याचे शिल्पालय मला केवळ एका मोठ्या शिल्पकाराचे स्मारक वाटत नाही. गणपती करणाऱ्या घरातून एक मुलगा निघाला, कलकत्ता-लंडन पाहून आला, राजाचा पुतळा ओतून आला, आणि अखेर त्याचे काम पुन्हा त्याच गावच्या उघड्या दारात येऊन बसले. चित्रशाळेचीच ही मोठी झालेली आवृत्ती आहे. ती एका कुटुंबाच्या निष्ठेवर टिकली, आणि एका कुटुंबाच्या निष्ठेवर टिकणारी गोष्ट समाजाने गृहीत धरू नये.

आपल्या देवस्थानांच्या समित्यांपुढे, विशेषत: ज्यांच्याकडे जीर्णोद्धाराचा विचार चालू आहे त्यांच्यापुढे, एवढेच नम्रपणे मांडावेसे वाटते. नवी मूर्ती घडवावयाची असेल तर ती सूचिपत्रातील छायाचित्रावरून मागविण्यापूर्वी एकदा घडविणाराच्या घरी जावे. रथ, पालखी, मखर, चांदीचे प्रभावळ यांचे काम चालू असेल तर उत्सवापूर्वी एखादा दिवस ठरवून ते गावकऱ्यांस, शाळेच्या मुलांस, कारागिराच्या कर्मशाळेतच दाखवावे. देणगीदारांच्या पाटीखाली एक ओळ घडविणाराच्या नावासाठी ठेवावी. कावीची भिंत उरली असेल तर तिला हात लावण्यापूर्वी, ती काम ओळखणाऱ्या डोळ्यांस दाखवावी. यांत फारसा खर्च नाही. जो खर्च आहे तो वेळेचा आणि थोडे वाकून पाहण्याचा.

येत्या चवथीस चित्रशाळेत पाट नेऊन ठेवताना मूर्तिकारास त्याने हे काम कोणाकडून शिकले, आणि त्याच्यामागून ते कोण करणार, एवढे अवश्य विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा वडिलांचे किंवा आजोबांचे नाव असेल. दुसऱ्या प्रश्नास उत्तर येण्यास वेळ लागला, तर त्या घराचे दार आणखी किती वर्षे उघडे राहील याची चिंता आजच करावी लागेल.